थरथरबाई रविवारी सुट्टी घेते

२० जुलै १९९८, सोमवार

ही वही माझ्या धाकट्या बहिणीची, विनीताची. ध्रुवांकुर क्लासेसनी बारावीच्या प्रत्येक मुलाला फुकट वाटली, वर स्टेथोस्कोपचं चित्र. तिच्याकडं अशा ढीगभर आहेत म्हणून एक मी उचलली. बारावीला मेडिकलचे मार्क हुकल्यापासून माझ्या वाट्याला आलेला हा एवढाच स्टेथोस्कोप.

उचलली ती आजचं लिहायला. नांदेडहून विद्यापीठाचं पत्रक आलंय. बी.एस्सी.च्या मुलांनी स्वतःच्या डोक्यानं संशोधन प्रकल्प करायचा, जानेवारीत नांदेडला जाऊन परीक्षकांपुढं मांडायचा, चांगल्या प्रकल्पांना पारितोषिक! फिजिक्सच्या उमादेवी मॅडमनी तास संपता संपता ते वाचायला घेतलं. वाचून मान वर केली तर वर्गात दोघंच. मी, कारण माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी दप्तरात पिन शोधत होते. आणि सुदर्शन, कारण त्याची मुरूडची बस उशिरा असते.

मॅडम म्हणाल्या, "झाली निवड."

"मॅडम, मी नुसती पिन..."

"पिन लागेलच प्रयोगाला. जपून ठेव."

घरी अनवाणी आले, पण नाचत आले. संशोधन म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. पण "उर्वी संशोधन करते" हे वाक्य रस्त्यात मोठ्यानं म्हणून पाहिलं. फार छान वाटतं. एका म्हशीनं वळून बघितलं.

२४ जुलै, शुक्रवार

विषय ठरला!

मी म्हणत होते सौरचूल. सुदर्शन म्हणाला, "ती सगळेच करत्यात." मग गप्प. बोलायच्या आधी तो असाच गप्प होतो. मला वाटतं संपलं याचं, आणि तेवढ्यात सुरू होतो. म्हणाला, "माझी माय आजून रस्त्यानं ट्रक गेला तरी धाकट्याला काखंत मारून अंगणात पळती. किल्लारीच्या भूकंपाला पाच वर्षं होत आली. धाकटा आता तिच्यापेक्षा उंच झालाय. ट्रक हाय का भूकंप हाय, एवढं सांगणारं कायतरी बनवू."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. आमची आईसुद्धा उशाखाली दाराची किल्ली घेऊन झोपते. लातुरात कोण नाही झोपत?

मॅडम तर खुर्चीतून उठल्याच. भूकंपमापक! फळ्यावर भराभर आकृती काढली, पदराला खडू पुसला, आणि त्यांचा पुढचा तास बुडाला हे त्यांना घंटा झाल्यावर कळलं.

जेवताना बाबांना सांगितलं. बाबा शाळेत गणित शिकवतात आणि संध्याकाळी ध्रुवांकुरमध्ये. "बरं," म्हणाले आणि ताक मागितलं. विनीताच्या प्रत्येक चाचणीचे मार्क त्यांना तोंडपाठ असतात. माझ्या भूकंपाला ताक.

९ ऑगस्ट, रविवार

आम्ही यंत्र बनवून राहिलोय! हातांना, नाकाला, वहीला, सगळ्याला काजळी.

यंत्र अगदी सोपं आहे. एक लोखंडी कांब, दाराच्या फळीसारखी आडवी, एक टोक खांबाला टेकवलेलं. दुसऱ्या टोकाला पाच किलोचं वजन, वरून तारेनं तोललेलं. जमीन हलली की खांब हलतो, पण वजन आळशी माणसासारखं जागच्या जागी राहतं. कांबेला पिन (माझी!). पिनेपुढं तुपाचा गोल डबा, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या चावीवर संथ फिरणारा, आणि डब्यावर काजळी धरलेला कागद. पिन काजळीतून पांढरी रेघ ओढत जाते. जमीन शांत तर रेघ सरळ, हलली तर नागमोडी.

वजन सुदर्शनच्या मामांच्या मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीतलं. कांब उगाच झुलत राहू नये म्हणून तिला पत्र्याचं पातं लावून ते तेलात बुडवायचं होतं. करडईचं तेल मॅडमनी घरून आणलं. त्या दिवशी त्यांच्याकडं वांगी उकडून खाल्ली म्हणे.

कागदाला काजळी धरायला आम्ही कोठीच्या खोलीत रॉकेलचा दिवा लावला. धूर बघून दगडोबा शिपाईमामा धावत आले आणि विचारपूस न करता बादलीभर पाणी ओतलं. दिवा वाचला, आम्ही दोघं भिजलो. सुदर्शन खो-खो हसत म्हणाला, "हिचं बारसं झालं बघ!" मग नाव ठेवलंच. थरथरबाई.

ही कोठी कॉलेजच्या अगदी मागं, तळमजल्यावर. तिच्या भिंतीला लागूनच ध्रुवांकुरची चार मजली इमारत उभी आहे. जागा शांत आहे, मॅडम म्हणाल्या.

सुदर्शननं शेतातल्या ओल्या शेंगा आणल्या होत्या. मला शेंगा आवडतात हे मी याला कधी सांगितलं, आठवत नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

आधी लिहिते, मग आरडाओरडा करते.

थरथरबाईनं शोध लावला! पहिल्या आठवड्यात नुसत्या रिक्षा आणि आमचेच पाय उमटत होते. पण आता सलग कागद मांडले तर दिसतंय की जमिनीला रोज ठराविक वेळी हादरे बसतात. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी सगळ्यांत मोठा. अगदी घड्याळ लावल्यासारखे! आणि रविवारी? रविवारी रेघ सरळ. पृथ्वी रविवारी सुट्टी घेते!

यामागं काहीतरी प्रचंड नियम असणार. चंद्राचा असेल. सुदर्शन म्हणाला, "चंद्राला रविवार कसा कळंल?" मी म्हटलं, शंका घेणारे लोक प्रत्येक शोधाच्या वेळी असतात. तो माझ्याकडं बघत राहिला. शोधानं भारावला असणार.

उमादेवी मॅडमनी कागद पाहिले, चष्मा काढला, पदर तोंडाला लावून खोकल्या. मग म्हणाल्या, "कारण शोध. मी काही सांगणार नाही." त्यांनाही ठाऊक नाही, हे उघड आहे.

आरशापुढं उभं राहून भाषणाची तयारी केली. "परीक्षक महोदय, मी एक साधी मुलगी..." साधी हा शब्द काढावा का?

२८ ऑगस्ट, शुक्रवार

नाव बदलून गाव सोडावं म्हणते.

गणपतीची आरती झाली आणि शेजारपाजारचे सगळे बसलेले असताना मी माझा नियम सांगितला. शेजारच्या काकूंनी तर हात जोडले. विनीता मोदक खात होती. तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "अगं ताई, तेव्हा आमच्या बॅच सुटतात."

"काय?"

"सकाळची, दुपारची, संध्याकाळची. संध्याकाळची सगळ्यांत मोठी. आठशे पोरं एका जिन्यानं खाली पळतात, पहिली रिक्षा मिळावी म्हणून. रविवारी क्लास नसतो."

सगळे एवढे हसले की समईची ज्योत हलली. बाबाही हसले. बाबा! आणि मग उठून आत गेले. त्यांना माझी लाजच वाटली असणार.

१ सप्टेंबर, मंगळवार

कॉलेजला जाणारच नव्हते. सुदर्शन दारात आला, मामांची सायकल धरून उभा. आईनं पाणी दिलं. त्यानं पाणी पिऊन पेला पालथा घातला आणि म्हणाला, "उर्वी, लाजून झालं आसंल तर चल. एक गंमत दावतो."

त्यानं भिंग लावून रेघ दाखवली. हे बॅच सुटल्याचं नागमोडी, खडबडीत. मग पोरं रस्त्याला लागली, खडबड संपली. पण रेघ सरळ झालीच नाही. बारीक, गुळगुळीत, लाटेसारखी कितीतरी वेळ चालूच.

"पोरं तर गेली," सुदर्शन म्हणाला. "मंग ही शेपटी कुणाची?"

मी ती शेपटी चार दिवस बघितलीच नव्हती. चंद्र बघत होते ना!

३ सप्टेंबर, गुरुवार

आज आमच्या कॉलेजच्या जिन्यावरून बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं पळवली. मॅडमनी शिट्टी वाजवली. पोरं मुद्दाम दणदण पाय आपटत उतरली, दोघं पडले, एकाची चप्पल अजून सापडली नाही, प्राचार्य बाहेर येऊन विचारून गेले की संप कशाबद्दल आहे. इतकी हसले की पोटात दुखतंय.

पण कागद बघा! पोरं थांबली आणि रेघही लगेच सरळ झाली. आमच्या इमारतीला शेपटी नाही. म्हणजे शेपटी ध्रुवांकुरच्या इमारतीची. पोरं गेल्यावरही ती एकटीच झुलत राहते.

मला हे आधीच्या शोधापेक्षा जास्त आवडलं. चंद्राचं काय, तो लांब आहे.

१९ सप्टेंबर, शनिवार

मॅडम आज हसल्या नाहीत.

आम्ही शेपटीतल्या लाटा मोजल्या. ऑगस्टमध्ये त्या दाटीवाटीनं होत्या. आता तेवढ्याच जागेत कमी बसतात. म्हणजे झोका संथ होत चाललाय. मी विचारलं, संथ तर बरंच ना?

मॅडम म्हणाल्या, "घट्ट विणलेल्या बाजेवर बसलीस तर कशी हलते? चटकन, थोडीशी. आणि दोरी सैल झाली की?"

"डुलते. सावकाश."

"इमारत सैल होतेय, उर्वी."

विनीता चौथ्या मजल्यावर बसते. खिडकीपाशी, वारा येतो म्हणून.

२१ सप्टेंबर, सोमवार

विरूपाक्ष सरांना भेटलो. ध्रुवांकुर त्यांचं. सगळं लातूर त्यांना ओळखतं. फिजिक्स असं शिकवतात की पोरं बाकावर चढून ऐकतात. आमचं म्हणणं नीट ऐकलं, मग काजळीचा कागद चिमटीत धरून म्हणाले, "पोरी, ही इमारत मी उभी राहून बांधून घेतली. गजानं गज मोजून. तुपाचा डबा मला सांगणार का ती सैल झाली म्हणून?"

सुदर्शन म्हणाला, "सर, डब्याला कशाला खोटं बोलायचंय?"

त्याच वेळी बाबा आले. विरूपाक्ष सर हसून म्हणाले, "रेणुकादासराव, तुमच्या कन्येनं माझ्या क्लासात भूकंप शोधलाय." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "उर्वी, घरी जा. पुरावा पुरता झाल्याशिवाय माणसाच्या दारात जाऊ नये."

सगळ्यांसमोर! रस्ताभर रडले. सुदर्शन सायकल हातात धरून सोबत चालला आणि कोपऱ्यावर शेंगांची पुडी हातात देऊन गेला. मुरूडची बस हुकली असणार त्याची. हल्ली फार हुकते.

आणखी एक. दगडोबामामा म्हणाले, "तुमचे वडील येत्यात की रोज. क्लास सुटला की कोठीत बसत्यात थोडं." म्हणजे बाबा माझ्यावर पाळत ठेवतात! मी आणि सुदर्शन काय करतो ते बघायला. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला काळं लागलं होतं, आई साबण घासून बेजार झाली. स्कूटरचं वंगण असेल.

३० सप्टेंबर, बुधवार

आज पाच वर्षं झाली.

सकाळी विनीता दप्तर घेऊन निघाली, तर बाबांनी दप्तर तिच्या खांद्यावरून काढून घेतलं. "आज नाही." मग कपाटातून एक गुंडाळी काढली. आलेखाचे कागद, एकाला एक चिकटवलेले, खोलीभर उलगडले. थरथरबाईच्या प्रत्येक दिवसाच्या शेपटीत किती लाटा बसल्या त्याचा एकेक ठिपका, बाबांच्या बारीक पेन्सिलीनं. सगळे ठिपके एका रेषेवर, आणि रेषा खाली उतरत चाललेली.

"पुरावा आता पुरता झाला," बाबा म्हणाले. "चल. यंत्राचा कागदपण घे."

मी एवढंच विचारू शकले, "बाबा, हे कधी केलंत?" त्यांनी स्कूटरला लाथ मारली. ती पहिल्या लाथेत कधीच सुरू होत नाही, त्यामुळं उत्तर देणं टळलं.

विरूपाक्ष सर ऑफिसात एकटेच होते. बाबांनी आलेख टेबलावर पसरला. सरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, परत वाचला. मग आवाज चढवला. "माझी ताई किल्लारीजवळच्या गावात होती. दगडमातीचं घर, हातभर रुंद भिंती. मी स्वतः दगड उचललेत. त्या दिवशी ठरवलं, बांधीन तर सिमेंट आणि लोखंडच. आणि तुम्ही आज, आजच्या दिवशी, मला येऊन सांगता?"

बाबा म्हणाले, "मी गणिताचा माणूस, सर. मला आजचा दिवस निवडता आला नाही. ठिपके आज पूर्ण झाले."

वर बॅच बसलेली होती. पोरांना खाली तर आणायलाच हवं होतं. बाबा म्हणाले, "रोजच्यासारखी सुटू द्या. तुम्ही वर थांबा." सर एक स्टीलचा पेला काठोकाठ भरून चौथ्या मजल्यावर घेऊन गेले. मीही मागं गेले. बाबांनी अडवायच्या आत गेले. घंटा झाली. दणदण, धबधब, आरडाओरडा, आणि मग एकदम शांत. वर आम्ही दोघंच. पेला टेबलावर.

पाणी हलत होतं. एकाही माणसाचा पाय वाजत नव्हता आणि पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर जात होतं, पाळण्यासारखं. टेबलावर सांडलं थोडं.

सरांनी टेबलावर पंजा ठेवला, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. मग हळू म्हणाले, "चल पोरी, खाली जाऊ. भिंतीच्या कडेनं चाल."

खाली येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं जिन्याला कुलूप घातलं.

११ ऑक्टोबर, रविवार

कॉलेजच्या मैदानावर मांडव पडलाय आणि ध्रुवांकुर त्यात भरतंय! लग्नाचा मांडव, झालर लावलेला. बाबा लाऊडस्पीकरवरून इंटिग्रेशन शिकवतात. अख्खी गल्ली शिकून राहिलीय. शेजारच्या काकू परवा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय गं, हा कॉन्स्टंट मागनं का जोडतात?"

इंजिनिअर येऊन गेले. तळमजल्यावर सायकली लावायला जागा हवी म्हणून मधल्या भिंती काढल्या होत्या, आणि पोरं वाढली म्हणून वर चौथा मजला चढवला होता. खाली पोकळ, वर जड. दोन खांबांना भेगा गेलेल्या. त्यांच्यावर गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो चिकटवलेले होते, म्हणून कुणाला दिसल्या नाहीत. खांब जाड करायचे, भिंती परत घालायच्या, चौथा मजला उतरवायचा. वेळेत कळलं म्हणाले.

काही पोरं दुसऱ्या क्लासला गेली. त्या क्लासनं तर बोर्डच लावला: "आमची इमारत हलत नाही." सुदर्शन म्हणाला, थरथरबाईला तिकडं पाहुणी नेऊ या का?

विरूपाक्ष सर मांडवामागं भेटले. "नांदेडला मांड सगळं. फक्त नाव घेऊ नको, पोरी. माझ्या पोटाचा प्रश्न नाही. पण ताईच्या नावानं बांधली ती." मी लगेच हो म्हटलं. प्रकल्पात तिला 'इमारत क' म्हणायचं.

सुदर्शनला आवडलं नाही. म्हणाला, "हाव, बरं," आणि शेंगा न देताच गेला.

१६ जानेवारी १९९९, शनिवार, नांदेड

आधी प्रवास. थरथरबाईला एसटीनं आणली. कंडक्टर म्हणाला, "या लोखंडाचं लगेज लागंल." मॅडम म्हणाल्या, "ती आमच्याबरोबर बसणार आहे, सीटवर." त्यानं वजनाकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि अर्धं तिकीट फाडलं! लोहा गावाजवळच्या खड्ड्यांत तिनं असा काही नाच केला की सुदर्शन तिला पोटाशी धरून बसला.

सभागृह खचाखच. आमच्या आधी किनवटकडची शिवकन्या, इस्लापूरची, सहस्रकुंडाच्या धबधब्याखालच्या शेवाळावर बोलली. इतकं सुंदर बोलली की मी माझं भाषण विसरले.

मग आम्ही. मी रविवारच्या सुट्टीपासून सुरुवात केली, चंद्रासकट सगळं सांगितलं. हॉल हसून हसून वेडा झाला. मग शेपटी, बाज, आलेख. हसणं थांबलं. शेवटी जाड चष्म्याच्या परीक्षक बाईंनी विचारलं, "ही इमारत क कुठं आहे?"

"ते... सांगता येत नाही, मॅडम."

"त्यात मुलं बसतात?"

"बसायची."

"मग मी कशी मानू? जागा नाही, मालक नाही. रेघा कुणीही ओढेल. आणि खरं असेल तर तशाच इतर इमारतींतल्या मुलांना कोण सांगणार?"

सुदर्शननं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या ओठांवर नाव होतं, मला दिसत होतं. पण मी शब्द दिला होता म्हणून तो दात आवळून उभा राहिला.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "माझी आहे."

विरूपाक्ष सर! आणि त्यांच्याशेजारी बाबा, घामाघूम. दोघं मागच्या बसनं आले होते. सर मधल्या वाटेनं पुढं येत म्हणाले, "लातूर, ध्रुवांकुर क्लासेस. मी बांधली, मीच खालच्या भिंती काढल्या, मीच वर मजला चढवला. या पोरांनी माझी आठशे लेकरं वेळेत खाली आणली. लिहून घ्या नाव. सगळ्यांनी लिहून घ्या, आणि घरी जाऊन आपापल्या क्लासचा तळमजला बघा."

बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "यंत्र एवढं बारीक टिपतं? दाखवा."

थरथरबाई टेबलाखाली फरशीवर मांडली. पण हॉलमधली पोरं एकदम हलणार कशी? विरूपाक्ष सरांनी बाह्या सरसावल्या. आठशे पोरं सांभाळणारा गळा तो! "सगळे उभे राहा! मी तीन म्हटलं की एक उडी. एकच! लबाडी करणाऱ्याला उद्या टेस्ट!"

"एक, दोन, तीन!"

अख्खं सभागृह उडालं. परीक्षक उडाले, एक पाहुणे फेट्यासकट उडाले, फेटा जरा उशिरा खाली आला. बाबा उडाले! मी बाबांना जन्मात कधी उडताना पाहिलं नव्हतं. पिन काजळीतून सर्रकन गेली आणि मग शांत, सरळ. बाई गुडघ्यावर बसून भिंगातून बघत होत्या. "शेपटी नाही," म्हणाल्या. "आपलं सभागृह ठीक आहे."

टाळ्या किती वेळ चालल्या विचारू नका. मला तर अजून ऐकू येतायत.

१७ जानेवारी, रविवार, लातूर

दुसरं पारितोषिक! पहिलं शिवकन्येचं, आणि तिला न मिळतं तर मीच भांडले असते. तिनं मला मिठी मारली आणि आमंत्रण दिलं: शेवाळ बघायला इस्लापूरला या.

परतीच्या बसमध्ये पुढं बाबा आणि विरूपाक्ष सर, त्यांच्यामागं मी, थरथरबाई आणि सुदर्शन. मॅडम पलीकडं, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. बाबा सरांना म्हणत होते, "मुलगी फिजिक्स करते माझी." सरांना हे माहीत नाही का? तरी अहमदपूर येईपर्यंत दोनदा सांगितलं.

सुदर्शन थरथरबाईच्या वजनावरची काजळी पुसत बसला होता. मग एकदम म्हणाला, "उर्वी, बी.एस्सी. झाल्यावर मी..."

"मीपण!" मी म्हटलं.

"आगं, पुरतं ऐकून तरी घे."

"सांग."

"एम.एस्सी.ला नांदेडला येणार म्हणत होतो."

"मग तेच. मीपण."

तो हसला. सगळे दात दिसले. मलाही कशाचं हसू येत होतं कळेना, पण थांबेना. आम्ही वजनावर डोकं टेकवून हसलो. शेवटी बाबांनी मागं वळून बघितलं. आता रागावणार, मी मनाशी म्हटलं. पण त्यांनी सुदर्शनकडं जरा वेळ पाहिलं, पुन्हा पुढं वळले, आणि मग परत मागं वळून विचारलं, "काय रे, मुरूडकडं यंदा ऊस कसा आहे? तुमचा किती असतो? घरी आणखी कोण कोण करतं शेती?"

सुदर्शन एकदम ताठ बसून सगळी उत्तरं देऊन राहिला. विरूपाक्ष सर खिडकीतून बाहेर बघत उगाच हसत होते.

बाबांना उसात कधीपासून एवढा रस वाटू लागला, देव जाणे.